गाडीचा वॉटर पंप : काय करावे, काय टाळावे

काय करावे

रोजची नजर

- गाडी काढण्यापूर्वी इंजिनखालची जमीन पाहा. हिरवा, गुलाबी किंवा निळा ओला डाग म्हणजे कूलंटची गळती.
- डाग बिनरंगी असेल तर पांढऱ्या कागदाने टिपून पाहा. एसीचे पाणी स्वच्छ असते, कूलंट रंगीत आणि बुळबुळीत.
- थेंब कुठून पडतो ते कळत नसेल तर रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा अंथरा.
- कूलंटच्या टाकीतील पातळी आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पाहा.
- पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांच्या मध्ये ठेवा. तापल्यावर कूलंटला फुगायला जागा लागते.
- पातळीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे महिन्याभरात ती किती उतरली ते नेमके कळेल.
- तापमानाचा काटा एरवी कुठे स्थिरावतो ते लक्षात ठेवा. रोजच्या जागेवरून तो वर सरकला की कारण शोधा.
- गाडीत काटा नसेल तर दिवे ओळखून ठेवा. निळा दिवा इंजिन अजून थंड असल्याचा, लाल दिवा गाडी थांबवण्याचा.
- घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना हे दिवे दाखवून ठेवा.

कूलंट

- गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरा.
- डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिले आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’, ते वाचा. पहिल्यात पाणी घालायचे नसते, दुसऱ्यात घालावेच लागते.
- पुस्तिकेत वेगळे प्रमाण नसेल तर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळा.
- मिश्रण स्वच्छ भांड्यात आधी तयार करा, मगच टाकीत ओता.
- बॅटरीच्या दुकानातून पाणी आणताना लेबल वाचून डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बॅटरीचे ॲसिडही कॅनमधूनच मिळते.
- कूलंट मुदतीत बदला. साध्याची मुदत साधारण २ वर्षे, लाँग लाइफची ५ किंवा अधिक, शेवटचा शब्द पुस्तिकेचा.
- कूलंट गढूळ किंवा गंजट तांबूस दिसले तर मुदतीची वाट न पाहता बदला; त्यातला कचरा पंपाचे सील खातो.
- जुने कूलंट पूर्ण काढा, आतून फ्लश करून घ्या आणि मगच नवे भरा.
- गाडीला चालेल असे तयार कूलंट लिटरभर डिकीत ठेवा.
- कूलंटचा प्रकार, तारीख आणि किलोमीटर लिहून चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा.

पट्टा, पाईप आणि झाकण

- प्रत्येक सर्व्हिसिंगला पट्ट्यावरच्या भेगा, सुटलेले धागे आणि चकाकी तपासून घ्या.
- पट्ट्याचा ताण कंपनीच्या मापानेच ठेवा. सैल पट्टा घसरतो, जास्त ताणलेला पंपाचे बेअरिंग खातो.
- पट्ट्यावर कूलंट किंवा ऑइल पडले असेल तर आधी गळती काढा, मग पट्टा बदला.
- होज पाईप इंजिन थंड असताना दाबून पाहा. कडक, मऊ पडलेला किंवा फुगलेला पाईप बदला.
- क्लॅम्पखाली पांढरट-हिरवट थर दिसला तर क्लॅम्प आणि पाईपचे टोक दोन्ही तपासा.
- झाकणाचे रबर चिरले असेल तर झाकण बदला. दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळते.
- नव्या झाकणावरचा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवून घ्या.
- सीएनजी किट असेल तर रिड्युसरकडे जाणारे कूलंटचे पाईपही तपासून घ्या.

बिघाडाच्या खुणा

- पंपाच्या दांड्याखालचे छोटे छिद्र टॉर्च मारून पाहा. तिथून थेंब पडू लागले म्हणजे आतले सील गेले.
- त्या छिद्राभोवती वाळलेला रंगीत थर दिसला तर गळती चालू आहे असेच धरा.
- इंजिन बंद, किल्ली बाहेर, अशा स्थितीत पुली हाताने हलवून पाहा. ती डुलली तर बेअरिंग संपले.
- पट्ट्याच्या बाजूने घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर त्याच आठवड्यात मेकॅनिकला ऐकवा.
- टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला ओल दिसली तर कव्हर उघडून पाहायला सांगा. काही इंजिनांत पंप त्याच्या आतच असतो.
- गाडी कधी तापते ते मेकॅनिकला नेमके सांगा. नुसती उभी असताना तापली तर आधी फॅन, चढावर किंवा वेगात तापली तर पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर तपासायचा असतो.
- गळती दिसत नाही पण पातळी उतरते, अशा वेळी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या.
- पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले आहे का पाहा. तसे असेल तर हीटरची जाळी गळत असू शकते.

घाट, ऊन आणि पाऊस

- खंबाटकी, कसारा, आंबोली असा कोणताही घाट चढण्याच्या दिवशी सकाळी पातळी पाहा.
- चढावर वेळेत खालचा गिअर टाका. पट्ट्यावरचा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरतो.
- काटा वर सरकू लागला की एसी लगेच बंद करा.
- विदर्भात पारा ४५ अंशांकडे जाण्याआधी, मार्चमध्येच कूलंट, पट्टा, फॅन आणि झाकण तपासून घ्या.
- पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि पाला कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढा.
- गाडी पाण्यातून गेली असेल तर पट्टा, पुली आणि बेअरिंगचा आवाज तपासून घ्या.
- लांबच्या प्रवासात टॉर्च, जाड कापड, हातमोजे आणि पाच लिटर पाणी सोबत ठेवा.

गाडी गरम झाल्यावर

- लाल दिवा लागताच एसी बंद करा, डावीकडे सुरक्षित जागा गाठा आणि इंजिन बंद करा.
- थांबायला लगेच जागा नसेल तर काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात सोडा. इंजिनची थोडी उष्णता त्यातून निघते.
- तापमानाच्या दिव्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला तर पट्टा तुटल्याचे समजा आणि तिथेच थांबा.
- धोक्याचे इंडिकेटर लावा आणि लाल त्रिकोण गाडीच्या मागे साधारण ५० मीटरवर ठेवा.
- माणसांना रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करा. द्रुतगती मार्गावर तर आधी हेच करा.
- वाफ थांबल्यावरच बॉनेट उघडा, चेहरा लांब ठेवून.
- इंजिन पूर्ण निवू द्या. अर्धा-पाऊण तास तरी लागतोच.
- निवल्यावर झाकणावर जाड कापड टाका, ते थोडेसे फिरवा आणि सगळा दाब निघाल्यावरच काढा.
- कूलंट नसेल तर अडीनडीला पिण्याचे पाणी निवलेल्या इंजिनात भरा आणि गॅरेजमध्ये पोचताच ते काढून योग्य कूलंट घाला.
- भरलेले पाणी लगेच खाली गळत असेल तर टोइंग बोलवा.
- राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर फोन करा.
- ऑटोमॅटिक गाडी शक्यतो सपाट ट्रेलरवर चढवूनच न्या.

पंप बदलताना

- पंप गाडीच्या चॅसी नंबरवरूनच मागवा. एकाच मॉडेलमध्येही इंजिननुसार पंप बदलतो.
- नवा आणि जुना पंप शेजारी ठेवून पंखा, बोल्टची छिद्रे आणि पुलीची उंची जुळवायला सांगा.
- पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप एकदमच बदला. उघडण्याची मजुरी तीच असते.
- डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनात टायमिंग बेल्टची मुदत हीच पंपाचीही मुदत धरा.
- नवे गॅस्केट किंवा नवी ओ-रिंगच वापरायला सांगा.
- थर्मोस्टॅट जुना झाला असेल तर त्याच वेळी बदला. कूलंट तसेही काढलेलेच असते.
- बसण्याची जागा आरशासारखी साफ करून घ्या. जुन्या गॅस्केटचा कण राहिला तरी गळती होते.
- बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि मापाने आवळून घ्या.
- जुन्या पंपाचा पंखा तुटलेला निघाला तर त्याचे तुकडे शोधा आणि पूर्ण सिस्टिम फ्लश करा.
- टायमिंग बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा जुळल्याची खात्री करून घ्या.
- जुना पंप परत मागून घ्या आणि स्वतः पाहा.
- पार्ट नंबर, किलोमीटर आणि वॉरंटी लिहिलेले बिल घ्या.

पंप बदलल्यावर

- कूलंट हळूहळू भरा आणि एअर काढण्याचा स्क्रू असेल तर तो उघडून हवा बाहेर काढा.
- हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, म्हणजे त्याच्या जाळीतली हवाही निघते.
- वरचा पाईप गरम होईपर्यंत आणि फॅन निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडीजवळ थांबा.
- दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहा. हवा निघाल्यावर ती थोडी उतरते.
- पहिला आठवडा रोज जमीन आणि छिद्र पाहा. छिद्रातून गळत राहिले तर वॉरंटीत पंप परत द्या.
- पुढच्या टायमिंग बेल्टचे किलोमीटर आजच लिहून ठेवा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक

- पुस्तिकेत पंप किती आणि कसले आहेत ते वाचा. इंजिन, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचे मार्ग वेगळे असू शकतात.
- इलेक्ट्रिक पंपाचा दोष स्कॅनर लावूनच शोधायला सांगा. २००९च्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसपासून टोयोटाने या गाडीत पंपाचा पट्टाच ठेवलेला नाही.
- इलेक्ट्रिक गाडीतही कूलंटची पातळी पाहत चला; नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत बॅटरी द्रवानेच थंड ठेवली जाते.
- बॉनेट उघडण्यापूर्वी हायब्रिड पूर्ण बंद करा. ‘रेडी’ दिवा चालू असेल तर इंजिन आपोआप सुरू होऊ शकते.

सांडलेले कूलंट

- सांडलेले कूलंट माती किंवा लाकडाच्या भुशाने लगेच टिपा आणि फरशी भरपूर पाण्याने धुवा.
- काढलेले कूलंट बंद कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ लिहा आणि ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्या.
- कुणाच्या पोटात गेले तर १०८ वर फोन करा, रुग्णालय गाठा आणि डबा सोबत न्या.
- कुत्र्याने किंवा मांजराने चाटले तर त्याच तासाला पशुवैद्य गाठा.

काय टाळावे

रोजची नजर

- ‘थोडेच गळते’ म्हणून रोज पाणी ओतत गाडी चालवू नका. सील स्वतःहून बरे होत नाही.
- चालू इंजिनावर पातळी ठरवू नका.
- ‘मॅक्स’च्या वर भरू नका.
- टाकी भरलेली दिसते म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असे धरू नका. झाकण रेडिएटरवर असेल तर थंड असताना तेही उघडून पाहा.
- लाल दिवा लागून विझला तरी तो विसरू नका.

कूलंट

- नळाचे किंवा बोअरचे पाणी कायमचे भरू नका. क्षार रेडिएटरमध्ये आणि सीलवर साचतात.
- नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवरही गाडी चालवू नका. गंज रोखणारी रसायने त्यात नसतात.
- रंग सारखा म्हणून दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नका. रंगाचा कोणताही सर्वमान्य नियम नाही.
- कॉन्सन्ट्रेट निव्वळ भरू नका. पाण्याशिवाय ते उष्णता कमी वाहून नेते.
- महाराष्ट्रात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट टाळू नका. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साधारण १०८ अंश असतो आणि उन्हाळ्यात तोच कामी येतो.
- लेबल नसलेले सुटे कूलंट घेऊ नका.
- गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव पंपाच्या गळतीवर टाकू नका. त्याने हीटरची आणि रेडिएटरची बारीक नळी बुजते.

पट्टा, पाईप आणि झाकण

- करकरणाऱ्या पट्ट्यावर साबण, पावडर किंवा ऑइल लावू नका.
- चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात, ओढणी, टाय किंवा सैल बाही नेऊ नका.
- किल्ली बंद आहे म्हणून फॅनमध्ये हात घालू नका; काही गाड्यांत तो नंतरही सुरू होतो.
- फाटलेल्या पाईपवर टेप गुंडाळून प्रवासाला निघू नका.
- जास्त दाबाचे झाकण ‘चांगले’ म्हणून लावू नका. कमकुवत पाईप आणि टाकी त्याने फुटते.

बिघाडाच्या खुणा

- तापलेल्या गाडीचे खापर तपासणीआधीच पंपावर फोडू नका. फॅन, थर्मोस्टॅट, झाकण आणि जाळी स्वस्तात तपासता येतात.
- ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर दिसला तर नुसता पंप बदलून समाधान मानू नका. हेड गॅस्केट तपासा.
- बेअरिंगचा आवाज रेडिओ वाढवून दाबू नका.
- डुलणाऱ्या पुलीवर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणू नका. ती पट्टा ओढून काढते.
- गळतीची जागा शोधण्याआधी इंजिन धुऊ नका. खूण पुसली जाते.

घाट, ऊन आणि पाऊस

- काटा चढत असताना ‘माथा आलाच’ म्हणून चढाव रेटू नका.
- भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये ओढत घाट चढवू नका.
- रेडिएटरच्या जाळीपुढे बॅनर, जादा दिवे किंवा मोठी नंबर प्लेट लावू नका, हवा अडते.
- प्रेशर वॉशरचा झोत पंप, पुली किंवा अल्टरनेटरवर मारू नका. बेअरिंगमध्ये पाणी शिरते.
- खोली माहीत नसलेल्या पाण्यात गाडी घालू नका.

गाडी गरम झाल्यावर

- गरम इंजिनाचे झाकण कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. उकळते कूलंट थेट चेहऱ्यावर येते.
- तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.
- ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणून गाडी पुढे नेऊ नका. तेवढ्यात हेड वाकते.
- काटा खाली पडला म्हणून निवांत होऊ नका; कूलंट संपले की सेन्सर कोरडा पडून चुकीचे दाखवू शकतो.
- थांबून-थांबून, पुन्हा-पुन्हा स्टार्ट करून घरी पोचण्याचा प्रयत्न करू नका.
- मुलांना बॉनेटजवळ उभे करू नका.
- दुरुस्तीनंतर, कारण सापडले नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका.

पंप बदलताना

- स्वस्त म्हणून डुप्लिकेट पंप बसवू नका. मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.
- पंप कायम पाठोपाठ जात असेल तर नुसता बदलत राहू नका. पट्ट्याचा ताण, पुलीची रेषा आणि कूलंट तपासा.
- थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.
- फॅन ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका. रिले किंवा सेन्सर बदला.
- ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन थापू देऊ नका; सुटलेला तुकडा रेडिएटरच्या नळीत अडकतो.
- जिथे सिलंट सांगितलेलेच आहे तिथे ते सुकण्याआधी कूलंट भरू देऊ नका.
- पंप हातोडीने ठोकून बसवू देऊ नका; सील आणि बेअरिंग तिथेच जाते.
- ॲल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट अंदाजाने आवळू देऊ नका.
- जुना टायमिंग बेल्ट ‘अजून चांगला आहे’ म्हणून नव्या पंपावर परत चढवू नका. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.
- खुणा, लॉकिंग टूल आणि टॉर्क रेंच नसलेल्या ठिकाणी टायमिंगचे काम देऊ नका.

पंप बदलल्यावर

- कूलंट भरण्याआधी इंजिन ‘जरा आवाज ऐकायला’ सुरू करू नका. कोरडे सील लगेच जळते.
- हवा अडकलेली असताना लांबच्या प्रवासाला निघू नका.
- हीटर गरम झाला नाही तर गाडी ताब्यात घेऊ नका. आत हवा आहे किंवा कूलंट फिरत नाही.
- पहिल्याच दिवशी घाटात चाचणी घेऊ नका. आधी जवळपास फिरवून पातळी पाहा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक

- नारिंगी केबलला हात लावू नका. तिच्यात जीवघेणा व्होल्टेज असतो.
- बॅटरीच्या टाकीत इंजिनचे कूलंट किंवा साधे पाणी घालू नका.
- गाडी बंद केल्यावर पंपाची घरघर थोडा वेळ ऐकू आली तर वायर काढू नका; काही गाड्यांत तो मुद्दाम चालू राहतो.
- प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकला बॅटरीचा कूलंट मार्ग उघडू देऊ नका.

सांडलेले कूलंट

- कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका.
- सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कूलंट ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असते आणि मूल ते पिऊ शकते.
- चव घेऊन गळती ओळखू नका.
- पाइप तोंडाने ओढून टाकी रिकामी करू नका.
- पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट पाहू नका. मूत्रपिंडे निकामी होण्याआधीचे तासच उपचाराचे असतात.